वाळीतल्या घरातला टीव्ही

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी टीव्ही बंद पडला. वेळ लिहिली, कारण तेहतीस वर्षं बोर्डात वायरमन होतो. लाईन कधी गेली, कधी आली हे नोंदवहीत टिपायची सवय निवृत्त होऊनही जात नाही.

आधी मागच्या पिना बघितल्या. ठीक होत्या. मग शिडी लावून वळचणीला चढलो. केबल कापलेली. उंदराने कुरतडलेली नव्हे, पकडीने कापलेली. तार कशाने तुटली हे मला कुणी शिकवू नये.

गावात केबल आणि इंटरनेट दोन्ही गणराजचं. गावकीचे अध्यक्ष धर्माजी त्याचे मामा. त्याला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, कट केला.

खाली उतरलो तेव्हा रंगू ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आज आठवा दिवस हाय."

"कसला?"

"आपल्याला वाळीत टाकल्याला."

मी असले दिवस मोजत नाही. पण नोंदवही आहे तर नोंद असावी. २९ डिसेंबरला गावच्या मैदानावर क्रिकेटचा अंतिम सामना होता. मोठमोठे दिवे लावायला गावकीने बोर्डाच्या तारेवर सरळ आकडे टाकले. मीटर नाही, अर्थिंग नाही, आणि धूळ बसावी म्हणून मैदानावर टँकरने पाणी मारलेलं. मी दुपारी सांगितलं, दिवे लागताना पुन्हा सांगितलं. मग पत्र्याच्या कुंपणाला टेकलेल्या एका माणसाला झटका बसला, तो चार हात लांब फेकला गेला. त्याला गर्दीतच उचलून बाजूला बसवला, चेहराही मला दिसला नाही, आणि सामना चालूच ठेवला. तेव्हा मी सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करायला लावली. व्यासपीठावर पाहुणे, हातात माईक, आणि अख्खं मैदान अंधारात गडप.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे बैठक. धर्माजी म्हणाले, "देवीपुढं नारळ ठेव आन् गावाची माफी माग."

मी म्हटलं, "माफी त्या झटका बसलेल्याची मागा. नारळ मी आणून देतो."

झालं. आमच्याशी बोलायचं नाही, आमच्या घरात जायचं नाही, देणंघेणं नाही. तो ठराव मोठ्याने वाचून कुणी दाखवला? हिरामणने. माझा सख्खा चुलतभाऊ, शेजारचं घर, गावकीचा चिटणीस. लहानपणापासून मला दादाशिवाय दुसरी हाक मारली नाही. त्या दिवशी मात्र वडिलांसकट माझं पूर्ण नाव घेतलं.

गुरुवार, ९ जानेवारी

एसटीच्या थांब्यावर गणराज भेटला. मोटरसायकलवर बसूनच म्हणाला, "काका, मामांना एकदा भेटून या. वायर पाच मिनिटांत जोडतो."

"म्हणजे तूच कापलीस."

"मी कुठं काय बोललो?"

"बोललास की. वाळीतल्या माणसाशी बोललास. आता तुला दंड."

तोंड वाकडं करून गेला. मजा आली.

टीव्ही नाही तर घर कसं शांत आहे. मला शांतता आवडते. रंगूने आज दुपारी तिच्या माहेरच्या म्हशीची गोष्ट तीन वेळा सांगितली. मी तिन्ही वेळा हं हं केलं.

बुधवार, १५ जानेवारी

रविवारी तळा गावाहून माणूस आणून छतावर डिशची छत्री लावून घेतली होती. तीन दिवस टीव्ही झकास चालला. आज सकाळी बघतो तर छत्रीचा हात मुरगळून तोंड भिंतीकडे केलेलं, आणि ताटलीत एक धोंडा ठेवलेला. फेकलेला नव्हे, नीट ठेवलेला.

मी ओट्यावर उभा राहून मोठ्याने म्हटलं, "ज्याचा धोंडा असेल त्यानं घेऊन जावा! या घरात दुसऱ्याची वस्तू ठेवत नाहीत!"

समोरच्या दोन खिडक्या लागल्या. धोंडा मी तुळशीला टेकू म्हणून लावला.

मुलगी रुचिता कामोठ्याला असते. तिचा फोन आला. म्हणाली, "आप्पा, आईला घेऊन इकडे या. कशाला हट्ट करताय?"

"माझं घर इथे आहे."

"मग निदान स्ट्रीमिंग बॉक्स घ्या. टीव्हीमागे लावायचा, नेटवर चालतो. वायर नको, छत्री नको. बातम्या, मालिका, सिनेमे सगळं दिसतं."

हे मात्र पटलं. जे छपराच्या बाहेर येत नाही ते कुणाला कापताही येत नाही आणि मुरगळताही येत नाही. उद्यापासून तपास सुरू.

शनिवार, १८ जानेवारी

आगरदांड्याला एका नातेवाइकाकडे गेलो होतो. येताना जेट्टीजवळ एका गाळ्यात बॉक्स मिळाला. गाळेवाला म्हणाला, "काका, हजार चॅनल, सगळे सिनेमे, आयुष्यभर फुकट. महिन्याला कायपण भरायचं न्हाय." किंमतही चपलेच्या जोडाएवढी. डब्यावर कंपनीचं नाव वाचता येईना, पण चित्र चांगलं होतं. घेतला. घरी येऊन माझ्या मोबाईलच्या नेटवर लावला आणि लागलासुद्धा. रंगूला म्हटलं, बघ, तेहतीस वर्षांचा अनुभव.

गुरुवार, २३ जानेवारी

अनुभव चुलीत गेला. बॉक्स इस्त्रीसारखा तापतो. मालिकेतली बाई तोंड उघडते आणि तशीच राहते. रंगू कंटाळून म्हणाली, "हिची दातखीळ बसली बगा." कधी मधेच जुगाराची जाहिरात येते, कधी तर नको ती बाई येते. रंगूने पदर तोंडाला लावला आणि मी पिन उपटली.

शनिवार, २५ जानेवारी

म्हसळ्याला मुख्तारभाईंच्या दुकानात गेलो. रेडिओच्या जमान्यापासूनचं दुकान. त्यांनी माझा बॉक्स हातात घेतला, उलटा केला आणि परत ठेवला.

"दत्तात्रेयभाऊ, हे चॅनल कुठून येतात म्हाईत हाय? चोरीचे. कुणीतरी मधेच तोडून घेतो आन् असल्या डब्यांत भरतो. उद्या त्यानं बंद केलं की डबा मेला."

 म्हणजे आकडाच की! मी आकड्यापायी वाळीत पडलो आणि घरात आकडा टाकून मालिका बघत बसलो. तिथेच दुकानात स्वतःला दोन शिव्या घातल्या. मुख्तारभाई हसले नाहीत, चहा मागवला.

मग त्यांनी नीट समजावलं. कंपनीचा बॉक्स घ्यायचा, ज्याच्यावर परवानगीचे अ‍ॅप आधीपासून असतात. मेमरी दोन जीबीच्या खाली नको, नाहीतर वर्षात रखडायला लागतो. कंपनी नव्या सुधारणा पाठवते का ते बघायचं. बिल आणि वॉरंटी हवी, आणि दुरुस्तीचं केंद्र पनवेलच्या अलीकडे हवं. रिमोटला माईक हवा, म्हणजे टाइप करत बसावं लागत नाही. याच्यावर फोर-के वगैरे जे काही जास्तीचं दाखवतात ते आपल्याला नको. मोठा पडदा असेल तर ते घ्या, बत्तीस इंचीला तो रुबाब कशाला?

असा बॉक्स त्यांनी काढून समोर ठेवला. मी खिशात हात घातला तर म्हणाले, "थांबा. नेट कुणाचं?"

"गावात फायबर गणराजचं. आम्हाला कोण देणार? मोबाईलचंच."

"मग आधी घरात रेंज बघा, कोनाकोनात. दोन कंपन्यांची सिमं लावून बघा. मग बॉक्स न्या. तो काय पळून जात न्हाय."

हातातलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी आजवर पाहिला नव्हता.

सोमवार, २७ जानेवारी

दोन दिवस घराचा सर्व्हे केला. कागदावर घराचा नकाशा काढला आणि रंगूला मोबाईल हातात देऊन फिरवली. मी ओरडायचो, "किती दांड्या?" ती ओरडायची, "येक!" स्वयंपाकघर शून्य. माजघर एक. परसात दोन. माळ्यावर खाडीकडच्या खिडकीत चार, दिघीच्या बाजूचा टॉवर तिथून सरळ दिसतो. दुसऱ्या कंपनीचं सिम तिथे भरधाव चाललं.

परसात रंगू मोबाईल डोक्यावर धरून गोल फिरत होती तेव्हा कुंपणापलीकडे हिरामणची बायको पूनम धुणं वाळत घालत होती. तिला हसू आवरेना. रंगूही हसली. दोघी एकमेकींकडे न बघता हसत होत्या. मग पूनम बादली उचलून आत गेली. अर्धं धुणं तसंच ओलं बादलीत राहिलं होतं. बायकांना कामाचा कंटाळाच फार.

गुरुवार, ३० जानेवारी

बॉक्स आणला. जुना मोबाईल माळ्याच्या खिडकीत पत्र्याच्या डब्यावर उभा केला. त्याचं नेट खाली टीव्हीपर्यंत पोचतं.

जोडणी करताना एक गंमत झाली. बॉक्सने आसपासच्या सगळ्या वायफायची यादी पडद्यावर लावली. आळीतली आठ घरं, एकाखाली एक, आणि प्रत्येक नावापुढे कुलपाचं चित्र. महिनाभर आमच्या दारावरून मान खाली घालून जाणारी सगळी माणसं आमच्याच भिंतीवर हजर.

रंगूला अक्षरं लावून वाचायला वेळ लागतो. ती एकेक नाव वाचत राहिली. "हे ठमाबाईच्या पोराचं. हे हिरामण भावजींचं. हे म्हादूचं, त्याची सून आता सातव्यात असंल..."

"झालं का? पुढे जाऊ?" मी विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

रविवार, २ फेब्रुवारी

रिमोटचा माईक भारी आहे. बटण दाबून मराठीत बोललं तरी कळतं. रंगूला दोन दिवसांत सवय झाली. आधी फक्त "भजन लाव" म्हणायची. आज मी पडवीत पंखा दुरुस्त करत होतो, तर आतून आवाज आला, "बाय, तू जेवलीस का?"

आत जाऊन बघतो तर पडद्यावर कोळंबीच्या खिचडीच्या पंधरा पाककृती. मी पोट धरून हसलो. म्हटलं, "अगं, ते यंत्र आहे."

"यंत्र तर यंत्र. इचारलं तर काय बिगडतं?"

दुपारभर बोलत होती त्याच्याशी. बॉक्सचा पैसा वसूल म्हणायचा.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

एक अडचण. सिमवर रोजचं ठरावीक नेट मिळतं ते चारच्या सुमारास संपतं. मग पडद्यावर चाक फिरत बसतं.

आज यादी उघडली तर हिरामणच्या नावापुढचं कुलूप गायब! बावळट माणूस. पासवर्ड काढून ठेवला आणि विसरला. गावकीचा चिटणीस म्हणे.

रंगू म्हणाली, "मग लावा की त्याचं."

"चोरीची वीज आयुष्यात घेतली नाही, चोरीचं नेट घेणार नाही."

"दार उघडं ठेवल्यावर चोरी कशी?"

"उघडं दार म्हणजे बोलावणं नव्हे, रंगू."

पण माणूस म्हणून त्याला सावध करणं माझं काम. बोलायला बंदी, म्हणून कुंपणापाशी जाऊन मी हवेला सांगितलं, "कुणाचं तरी कुलूप उघडं राहिलंय! बघून घ्या!"

हिरामण पाठ करून दात घासत होता. घासतच राहिला. दहा मिनिटं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

अजून कुलूप नाहीच. वर त्याने नेटचं नावही बदललंय. आधी स्वतःचं नाव होतं, आता नुसतं 'दादा'. गावात हल्ली धर्माजींना सगळे दादा म्हणतात. म्हणजे नेटलासुद्धा धर्माजींचं नाव! चमचेगिरीची कमाल झाली.

रंगूला दाखवलं. ती बराच वेळ त्या नावाकडे बघत होती. मग डोळे पुसत उठली. कांदा चिरत होती मघापासून.

रविवार, १६ फेब्रुवारी

दुपारी रोह्याला एका जुन्या सोबत्याच्या मुलाच्या लग्नाला गेलो होतो. सहाला परत आलो तर टीव्ही छान चालू. मी म्हटलं, "नेट संपलं नाही अजून?"

"न्हाय," रंगू म्हणाली.

सिम चांगलं निघालं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट गेला. गावकीच्या मुंबईतल्या मंडळातून फोन होता. शिमग्याच्या आत माफी मागितली नाही तर पालखी आपल्या दारात थांबणार नाही, माझ्या आईपासून चालत आलेली जी ओटी रंगू दरवर्षी भरते ती भरता येणार नाही. मी म्हटलं, "देवी तुमच्या बापाची आहे का?" आणि फोन ठेवला.

रंगूने ऐकलं.  जेवताना म्हणाली, "मागून टाका ना माफी. येक नारळ तर ठेवायचा."

एवढ्या दिवसांत ती हे प्रथमच बोलली.  मला सुचलं ते मोठ्याने म्हणावंसं वाटलं नाही. तो माणूस मेला तर नव्हता. फोन केला नसता, सामना अर्ध्या तासात संपला असता, दिवे आपोआप बंद झाले असते. मी बरोबर होतो, पण बरोबर असण्याचं ओझं विहिरीवरून रंगू एकटी आणते. ती तिथे पोचली की बाकीच्या बायका कळशा उचलून निघतात, हे मला आज तिने सांगितलं. किती दिवस चाललंय म्हटलं, तर म्हणाली, "पयल्या दिवसापासनं."

मी तीन लाईनी एका वेळी सांभाळल्या आहेत. घरातली एक बंद पडलेली मला दिसली नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

काल ठरवलं होतं की आज सकाळी धर्माजींकडे जायचं. सदरा घातला, नारळही घेतला. रंगूला सांगायला आत गेलो.

ती टीव्हीसमोर उभी. रिमोट तोंडाजवळ धरून तिने पालखी मागितली असावी, कारण कुठल्यातरी दुसऱ्याच गावची पालखी पडद्यावर नाचत होती. गुलाल, ढोल, नाचणारी पोरं. रंगूने डोक्यावर पदर घेतला आणि पडद्याला हात जोडले. मी मागे आहे हे तिला माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा ती एवढी शरमली की तिच्या हातातला रिमोट पडला.

मी रिमोट उचलून दिला. ती माझ्या हातातल्या नारळाकडे बघत राहिली.

"कुठं निघालाव?"

"धर्माजींकडे. तू म्हणालीस ना."

"बसा खाली." तिचा असा आवाज मी लग्नानंतर दोनदाच ऐकलाय. "आपून काय चोरी केली का कुणाचा जीव घेतला? तुमी जीव वाचिवला. आन् मी परक्या गावच्या देवीला काचंतनं हात जोडायचे? न्हाय. माफी न्हाय मागायची. रुचिता फोनवर त्या वाळीत टाकायच्या इरोधातल्या कायद्याचं सांगत हुती ना? अर्ज लिवा. माझीपन सही घ्या."

"तुला त्रास होईल."

"हुतोय तो काय कमी हाय?"

नारळाची चटणी केली. अर्ज दोघांनी मिळून लिहिला. तिने सही तीन वेळा वहीत गिरवून मग अर्जावर केली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

म्हसळ्याच्या पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तिथल्या अधिकारी मॅडमनी बसवून घेतलं, सगळं ऐकलं. वाळीत टाकणं गुन्हा आहे, म्हणाल्या, पण गावकी नेहमी म्हणते की असं काही घडलंच नाही. कुणी साक्षीला उभा राहील का?

मी रंगूकडे बघितलं. रंगू म्हणाली, "राहील बी."

मला तिच्या भोळेपणाचं वाईट वाटलं. गावात कोण राहणार?

सोमवार, ३ मार्च

आज मॅडम गावात आल्या. देवळापुढे सतरंजी अंथरलेली. गावकी एका बाजूला, आम्ही दोघं दुसऱ्या. मधे मोकळी जागा, बैलगाडी वळेल एवढी.

धर्माजी हात जोडून उठले. "मॅडम, आमच्या गावात वाळीत बिळीत काय न्हाय. दत्तात्रेयच तापट. तोच कुणाशी बोलत न्हाय. केबलीचं म्हनाल तर वांदर उड्या मारत्यात, वायरी तुटत्यात."

"पकडीने?" मी बसल्या जागेवरून विचारलं. कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. ठराव झाला नाही म्हणता. मग इथे कुणी असं आहे का, जो गेल्या दोन महिन्यांत यांच्याशी बोललाय?"

सगळ्यांच्या नजरा सतरंजीवर. मी मनात म्हटलं, झालं, उठा आता, घरी जाऊ. तेवढ्यात हिरामण उठला. त्याने हात पाठीमागे बांधले.

"ठराव झाला हुता. ह्याच पायरीवर हुबा राहून मीच वाचला. कागद माझ्या घरात हाय, सह्यांसकट. माझी सही पयली हाय."

"हिरामण!" धर्माजी ओरडले.

"लिवा मॅडम," हिरामण म्हणाला. "माझ्यावर काय गुन्हा लागंल तोपन लिवा. त्या दिवशी झटका बसला तो पूनमचा भाऊ हुता. शुद्धीवर येऊन तो पुन्हा त्याच पत्र्याला टेकनार, तेवढ्यात दादानं लाईन बंद केली, म्हनून तो आज हाय. आन् मी त्याच दादाचं नाव घेऊन..." 

पूनम बायकांतून उठली आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. रंगू केव्हा उठली मला कळलं नाही. मधली मोकळी जागा ओलांडून ती सरळ पूनमपाशी गेली.

मी बसून राहिलो.  झटका बसलेला माणूस कोण होता हे मी दोन महिन्यांत विचारलंसुद्धा नव्हतं.

बुधवार, ५ मार्च

टीव्ही लावला. यादीत सातच नावं. 'दादा' नाही. गणराजने काल हिरामणचं फायबर तोडलं, केबलही.

मी त्या यादीकडे बघत बसलो आणि डोक्यात दिवा लागला. रंगूला म्हटलं, "ते दादा म्हणजे..."

"तुमीच. आनिक कोन?"

"तुला ठाऊक होतं?"

"कुलूप निघालं त्याच दिवशी. तुमी कुंपनाशी बोंब मारत हुता तवा पूनम परसात तोंडात पदर कोंबून बसली हुती. तुमी बाहेर गेलाव की मी लावायची त्याचं नेट."

अर्धा मिनिट राग आला. मग राग कुणावर धरायचा ते कळेना. मी तेहतीस वर्षं आकडे शोधून काढले. चोरून घेतलेली लाईन लगेच ओळखतो. चोरून दिलेली ओळखता आली नाही.

शनिवार, ८ मार्च

गणराज शिडी घेऊन दारात आला. गुन्हा दाखल झाल्यापासून आवाजात साखर आहे. "काका, वायर जोडून देतो. हिरामणकाकांची पन. मामा म्हणाले, मिटवून टाका. अर्ज तेवढा मागे घ्या."

"शिडी मजबूत आहे?"

"व्हय."

"धर." मी वर चढलो, भिंतीवरचे त्याच्या केबलचे सगळे खिळे पकडीने उपटले, तुकडे गुंडाळून त्याच्या हातात दिले. "अर्ज मागे घेत नाही. वायरही नको. मामांना सांग, या घरातली वाट आता हवेतून आहे. बघ कापता येते का."

शिडी घेऊन गेला. पलीकडच्या परसातून पूनम जोरात हसली. या वेळी बादली उचलून आत गेली नाही.

पालखी परवापासून फिरेल. आमच्या दारात थांबली तर ओटी तयार आहे. नाही थांबली तर पुराव्यांच्या यादीत आणखी एक ओळ.

रविवार, ९ मार्च

वाळीतली घरं आता दोन झाली. ठराव कुणी वाचला नाही, कारण वाचणाराच इकडे आला.

दुपारी तीन वाजता, भर उन्हात, आळीच्या मधोमध, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या डोक्यावर घेऊन हिरामण आला. मागे पूनम, हातात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचा डबा. ठमाबाईने खिडकी लावायला हात घातला होता, तो तसाच राहिला. हिरामण तिला म्हणाला, "बगा, नीट बगा. दादाच्या घरात चाललोय, टीव्ही बगायला."

मी मुद्दाम दार पूर्ण उघडलं. माळ्यावरचा मोबाईल तपासला, चार दांड्या. मुख्तारभाईंचा बॉक्स पहिल्या फटक्यात लागला. हिरामणला क्रिकेट हवं होतं, पूनमला मालिका. मी रिमोट हातात ठेवून सांगितलं, उद्या सकाळच्या एसटीने जबाब द्यायला जायचंय, सगळ्यांच्या देखत एका बाकावर बसायचं. हिरामण म्हणाला, "खिडकी माझी." मी म्हटलं, "खिडकी मोठ्या भावाची." यावरून भांडण झालं. दोन महिन्यांनी भांडलो, बरं वाटलं.

शेवटी मालिका लावली. पण रंगू आणि पूनम एकमेकींच्या शेजारी बसून जे बोलत सुटल्या ते थांबेनात. कुणाची सून, कुणाची म्हैस, विहिरीवर कोण काय म्हणालं, कुणी चोरून वळून बघितलं. दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि दोघींना एकमेकींचं ऐकू येत होतं. मी आवाज वाढवला. त्यांनी त्यांचा वाढवला. आणखी वाढवला, त्यांनीही आणखी.

मग मी टीव्ही बंद केला. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.